नेत्ररोग रेसिडेन्सी निवडताना ऑपरेशनच्या आकड्याआधी काय विचारावं?

वैद्यकीय पदवी आणि इंटर्नशिप संपवलेल्या एका डॉक्टरने तीन प्रश्न विचारले आहेत. रेसिडेन्सीत डोळ्यांचा डॉक्टर नेमका कसा घडतो? जिथे ऑपरेशनं सर्वांत जास्त मिळतात तेच रुग्णालय निवडावं का? आणि बारीक काम करताना हात किंचित थरथरतो, तरी या शाखेत यावं का?

माझी रेसिडेन्सी संपून बरीच वर्षं झाली आणि तेव्हापासून मी रेसिडेंट डॉक्टरांना शिकवतेच आहे. मधला प्रश्न आधी घेते, कारण हुशार मुलंमुलीही तिथेच फसताना मी पाहिली आहेत. ऑपरेशनचा आकडा जरूर विचारा, पण तिसऱ्या क्रमांकावर. पहिल्यांदा हे विचारा की तुम्ही ज्याचं ऑपरेशन कराल त्याचा डोळा दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि दीड महिन्याने कोण तपासतं. दुसरं असं, की तुमचा हात डोळ्यात असताना शिक्षक शेजारी बसलेले असतात का, की पलीकडच्या टेबलावर स्वतःची केस करत असतात. या दोन्हींची उत्तरं मनासारखी मिळाली तर आकडा थोडा कमी असला तरी चालेल.

असं का म्हणते ते माझ्यावर गुदरलेल्या गोष्टीवरून सांगते. मी शिकत होते तिथे ऑपरेशन एका तुकडीकडे आणि नंतरची तपासणी दुसऱ्या तुकडीकडे होती. मी लहान छेदाची, टाक्यांशिवायची मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिकत होते. वरच्या बाजूने बोगदा करायचा, भिंगाचा गाभा अखंड बाहेर काढायचा, कृत्रिम भिंग बसवायचं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की डोळा स्वच्छ, पेशंट खूश. चारपाच महिने मी स्वतःवर फार समाधानी होते. मग एका सीनियर मॅडमनी फर्मावलं की तुझ्या शेवटच्या वीस पेशंटना दीड महिन्याच्या तपासणीला तूच बघायचं आणि चष्म्याचा नंबरही तूच काढायचा. बसले. एकामागून एक डोळ्यात दोन-दोन डायॉप्टरचा, म्हणजे दोन नंबराचा, सिलिंडर (कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, सगळीकडे सारखा गोल नसला की लागणारा नंबर), आणि उणे सिलिंडरचा अक्ष जवळजवळ प्रत्येकाचा ९० अंशाच्या आसपास. माझे बोगदे गरजेपेक्षा रुंद होते आणि कॉर्नियाच्या फार जवळ सुरू होत होते, त्यामुळे जखम वरून सैलावून उभी वक्रता सपाट होत होती. ऑपरेशनच्या टेबलावर हे दिसणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. ते दिसलं ते दीड महिन्याने, ट्रायल फ्रेममध्ये, म्हणजे नंबर काढायच्या चष्म्यात. तोवर मी तीच चूक कितीतरी डोळ्यांत, दिवसेंदिवस अधिक सफाईने, करत आले होते. हाताला सराव होत होता, पण तो चुकीचा सराव होता. ते पेशंट आजही माझ्या मनात आहेत.

या शाखेचा इतिहासही हेच सांगतो. कृत्रिम भिंगाची कल्पना ब्रिटिश नेत्रसर्जन हॅरल्ड रिडले यांना सुचली ती दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांचे डोळे पाहून. विमानाच्या छताचे, म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिकचे, कण त्यांच्या डोळ्यांत अडकून राहिले होते आणि तरीही डोळा शांत होता. १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी पहिलं भिंग बसवलं. त्या पेशंटला नंतर अठराच्या घरातला उणे नंबर आला. भिंगाचा आकार माणसाच्या नैसर्गिक भिंगासारखा ठेवला होता, पण ॲक्रिलिकचा अपवर्तनांक जास्त, त्यामुळे शक्ती फारच वाढली. पेशंटला पुन्हा तपासलं, नंबर मोजला, म्हणून ते कळलं आणि पुढची भिंगं सुधारली.

आता पहिला प्रश्न. रेसिडेन्सी हा शब्द रुग्णालयात राहून शिकण्यावरून आला. अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८९ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शल्यचिकित्सेसाठी ही पद्धत रुजवली: वर्षानुवर्षं तिथेच राहायचं, जबाबदारी पायरीपायरीने वाढत जायची. आज देशोदेशी मुदत वेगळी आहे. भारतात एमएस तीन वर्षांचं, अमेरिकेत इंटर्नशिपच्या वर्षानंतर तीन वर्षं, ब्रिटनमध्ये साधारण सात. मुदतीवर मी फार वेळ घालवणार नाही. तीन वर्षांत उत्तम तयार झालेले डॉक्टर मी पाहिले आहेत आणि त्याहून जास्त काळ शिकूनही कच्चे राहिलेलेही.

पहिल्या वर्षाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण नवे रेसिडेंट त्याच वर्षाला कंटाळतात. त्यांना ऑपरेशन थिएटर खुणावत असतं आणि त्यांना बसवलेलं असतं रेटिनोस्कोप (डोळ्यात प्रकाश टाकून, परतणाऱ्या चमकेवरून नंबर काढायचं साधन) हातात देऊन, अंधाऱ्या खोलीत, शंभराव्या पेशंटचा नंबर काढायला. "हे काम ऑप्टोमेट्रिस्ट करतात ना, मग आम्ही का?" हा प्रश्न दर बॅचला येतो. कारण रेटिनोस्कोपीत पेशंट काही बोलला नाही तरी डोळा बोलतो. दोन वर्षांचं मूल अक्षरं वाचून दाखवणार नाही. त्याचा डोळा नाकाकडे वळलेला आहे, आईवडील ऑपरेशनच्या तयारीने आले आहेत. थेंब घालून डोळ्याची समायोजनशक्ती, म्हणजे जवळचं पाहायला फोकस बदलण्याची ताकद, शिथिल केली, हातभर अंतरावरून रेटिनोस्कोपच्या प्रकाशाची पट्टी फिरवली, ६६ सेंटिमीटर अंतराचे दीड डायॉप्टर वजा केले आणि अधिक पाच नंबर निघाला. पुष्कळदा अशा मुलाचा डोळा चष्मा लागल्यावरच सरळ होतो, सुरीची गरजच पडत नाही. ज्याला ही पट्टी वाचता येत नाही तो त्या मुलाला थिएटरमध्ये नेईल. शिवाय बाहुलीतली ती लाल चमक रोज पाहून पाहून नजर अशी तयार होते की चमक कात्रीच्या पात्यांसारखी हलताना पाहून शंकूसारखा कॉर्निया ओळखता येतो, आणि मंद चमक पाहून सुरुवातीचा मोतीबिंदू.

स्लिट लॅम्पचंही, म्हणजे डोळा मोठा करून पाहायच्या सूक्ष्मदर्शकाचंही, तसंच. स्वीडिश नेत्रतज्ज्ञ गुलस्ट्रँड यांनी १९११ मध्ये तो मांडला आणि तेव्हापासून तत्त्व बदललेलं नाही: प्रकाशाची बारीक चीर तिरकी टाकायची आणि पारदर्शक गोष्टींना खोली द्यायची. नवा रेसिडेंट रुंद, झगझगीत प्रकाश टाकून "सगळं नॉर्मल" लिहितो. त्याला मी दिवे घालवायला सांगते, चीर एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटर करायला सांगते, आणि अंधाराला डोळे सरावेपर्यंत गप्प बसायला सांगते. मग पुढच्या कक्षात, म्हणजे कॉर्नियामागच्या पाण्याच्या जागेत, तरंगणाऱ्या पेशी दिसू लागतात, उन्हाच्या कवडशात धूळ दिसावी तशा. ती पहिली पेशी दिसल्यावर रेसिडेंटचा चेहरा जसा उजळतो ते पाहणं मला अजूनही आवडतं. ज्याला पेशी दिसत नाहीत तो डोळ्याच्या आतल्या सुजेला साधी लाली समजून थेंब देऊन घरी पाठवतो.

एक नियम मी पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेते: बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी बाहुलीची प्रतिक्रिया तपासलीच पाहिजे, आणि तपासणाऱ्याने ती स्वतःच्या अक्षरात लिहिलीच पाहिजे. गर्दीच्या ओपीडीत रांग पुढे सरकावी म्हणून दारातच थेंब घातले जातात. अशीच एक तरुण बाई एकदा आली. एका डोळ्याने तीन दिवसांपासून धूसर दिसत होतं. थेंब पडले, पडदा पाहिला, पडदा ठणठणीत. "काही नाही" म्हणून कागद माझ्यापुढे आला. मी विचारलं, टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर फिरवला तेव्हा बाहुली काय करत होती? ते कुणीच पाहिलं नव्हतं आणि आता दोन्ही बाहुल्या औषधाने ताणलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बोलावलं तेव्हा प्रकाश आजारी डोळ्यावर येताच बाहुली आकसायची सोडून पसरत होती. डोळ्यामागच्या नसेला सूज होती. अशा सुजेत पडदा अगदी सुरेख दिसतो. ती बाई दुसऱ्या दिवशी आली नसती तर काय, हा विचार त्या रेसिडेंटच्या मनातून गेला नाही, आणि जाऊही नये.

पडदा पाहायला शिकण्याचा सगळ्यांत चांगला मार्ग अजूनही पेन्सिल आहे. २० डायॉप्टरच्या भिंगातून दिसणारी प्रतिमा उलटी असते, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. म्हणून कागदही उलटा करून पेशंटच्या छातीवर ठेवायचा आणि दिसेल तसं काढायचं. जागेवर असलेला पडदा लाल, सुटलेला निळा, छिद्राला निळी कड आणि आत लाल, भिंगामागच्या द्रवातले डाग हिरवे. आता कॅमेरा एका क्षणात अख्ख्या पडद्याचा फोटो देतो, मग हा खटाटोप कशाला? फोटो काढताना नजर फिरत नाही. चित्र काढताना कडेपर्यंत, घड्याळाच्या बाराही आकड्यांवर जावंच लागतं, आणि छिद्रं बहुधा कडेलाच असतात. गोनिओस्कोपीबद्दलही, म्हणजे आरशाच्या भिंगाने डोळ्यातला कोन पाहण्याबद्दलही, हाच आग्रह आहे. काचबिंदूचा कोन उघडा आहे की बंद, हे कॉर्नियातून सरळ पाहून दिसत नाही, प्रकाश आतल्या आत परावर्तित होतो. आरशाचं भिंग टेकवावंच लागतं. ते टेकवायचा कंटाळा केल्यामुळे वर्षानुवर्षं चुकीचं निदान घेऊन फिरणारे पेशंट मी पुष्कळ पाहिले आहेत.

रात्रीच्या ड्युटीत शिकायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांत दिरंगाईला जागा नाही. डोळ्यात चुना किंवा रसायन गेलं असेल तर नाव-गाव नंतर, आधी पाण्याने धुणं सुरू. वरची पापणी दोनदा उलटून तिच्याखाली अडकलेले कण काढणं. पीएच सामान्य होईपर्यंत थांबायचं नाही. फुटलेल्या डोळ्यावर कडक ढाल लावायची, दाब द्यायचा नाही. पापणी पडलेली, डोळा बाहेर वळलेला आणि बाहुली मोठी असेल तर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा आहे का हे त्याच तासात पाहायचं. लहान मुलाच्या बाहुलीत पांढरं दिसतं असं आई म्हणाली तर डोळ्याच्या कॅन्सरची शंका फिटेपर्यंत तिला परत पाठवायचं नाही. वयस्क माणसाची दृष्टी अचानक गेली आणि चावताना जबडा दुखतो असं तो म्हणाला, तर रक्तवाहिनीचा तुकडा तपासून येण्याची वाट न पाहता स्टिरॉइड सुरू करायचं, कारण काही दिवसांत दुसरा डोळाही जाऊ शकतो. हे सगळं पुस्तकात आहेच. पण रात्री दोन वाजता, थकलेल्या अवस्थेत, ते आपोआप हातून व्हावं यासाठी शेजारी उभा असलेला सीनियर लागतो. म्हणून रात्री फोन केला तर सीनियर येतात का, हेही रुग्णालय निवडताना विचारून घ्या.

आता ऑपरेशन. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की मोतीबिंदूचं ऑपरेशन ही एक कृती आहे. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने ती आठदहा वेगळी कौशल्यं एका दोऱ्यात ओवलेली आहेत: छेद, भिंगाच्या पुढच्या पडदीत गोल खिडकी, पाण्याने गाभा सुटा करणं, गाभा फोडणं, उरलेला मऊ थर ओढून घेणं, भिंग बसवणं, डोळ्यात जागा धरून ठेवायला भरलेलं जेल काढणं, छेद फुगवून बंद करणं. "एक पाहा, एक करा, एक शिकवा" ही जुनी म्हण डोळ्याला लावणं मला क्रूर वाटतं. मी उलट्या टोकाने शिकवते. पहिल्यांदा रेसिडेंट शेवटचं जेल काढतो आणि छेद बंद करतो. ते जमलं की भिंग बसवतो. मग मऊ थर. गोल खिडकी आणि गाभा सर्वांत शेवटी. असं केल्याने दोन गोष्टी साधतात. प्रत्येक केस चांगल्या अवस्थेत रेसिडेंटच्या हाती येते, आणि ती चांगलीच संपते. त्याचा सुरुवातीचा अनुभव यशाचा असतो आणि पेशंटचाही.

थिएटरमध्ये येण्याआधी काही तास प्राण्यांच्या डोळ्यांवर आणि जमलं तर सिम्युलेटरवर घालवायलाच हवेत. डुकराच्या डोळ्याची पडदी माणसाच्या पडदीपेक्षा फार लवचीक असते, खिडकी कडेला पळते. तरी छेद, टाके, दोन्ही हातांचा मेळ यासाठी तो उत्तम. सिम्युलेटरबद्दल काही जुने सर्जन नाक मुरडतात. त्यांना मी ब्रिटनमधली आकडेवारी दाखवते: २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या शिकाऊ सर्जनकडून भिंगाची मागची पडदी फाटण्याचं प्रमाण २००९ मधल्या ४.२ टक्क्यांवरून २०१५ मध्ये २.६ टक्क्यांवर आलं होतं, आणि त्याच काळात तिथे सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण पसरत गेलं होतं. यंत्रावर फाटलेली पडदी कुणाच्या डोळ्यातली नसते, एवढं कारणही मला पुरेसं आहे.

सगळ्यांना वाटतं की हात शिकायचे असतात. पहिले काही महिने खरी झटापट पायांची असते. एक पाय मायक्रोस्कोपच्या पेडलवर, दुसरा फॅकोच्या, म्हणजे अल्ट्रासाऊंडने गाभा फोडणाऱ्या यंत्राच्या. फॅकोच्या पेडलला तीन पायऱ्या: पहिलीवर फक्त पाणी आत, दुसरीवर ओढ, तिसरीवर अल्ट्रासाऊंड. नव्या माणसाला भीती वाटली की पाय एकतर घट्ट रोवला जातो किंवा पूर्ण उचलला जातो, आणि दोन्हीही धोक्याचे. म्हणून मी रेसिडेंटना यंत्र सुरू करून, कुठलाही डोळा समोर नसताना, नुसत्या पायाचा सराव करायला लावते. मी "दोन" म्हणायचं, त्यांनी दोनवर जायचं, "एक" म्हणताच एकवर परतायचं. पंधरा मिनिटं, रोज. बघणाऱ्याला हे पोरकट वाटेल, पण त्याचं मोल कळायला एकच प्रसंग पुरतो.

तो प्रसंग म्हणजे मागची पडदी फाटणं. तिची जाडी मधोमध सुमारे ४ मायक्रॉन. ती फाटते तेव्हा आवाज होत नाही. पुढचा कक्ष एकदम खोल होतो, बाहुली क्षणभर उडी मारल्यासारखी पसरते, आणि आतापर्यंत टोकाकडे येणारा तुकडा यायचा थांबतो. माणसाची उपजत बुद्धी सांगते, हत्यार बाहेर काढ. तेच करायचं नसतं. टोक काढलं की पाणी बंद, कक्ष कोसळतो आणि मागचा जेलीसारखा द्रव फाटीतून पुढे येतो. करायचं असं: पाय पहिल्या पायरीवर, हात जागच्या जागी, डाव्या हाताने बाजूच्या छेदातून जेल भरायचं, आणि कक्ष भरल्यावरच टोक बाहेर. तुकडा मागे बुडू लागला तर त्याच्यामागे धावायचं नाही, तो पडद्याच्या सर्जनचा प्रांत. हे मी टेबलावर येण्याआधी इतक्या वेळा म्हणवून घेते की रेसिडेंट वैतागतात. पण जेव्हा खरोखर घडतं तेव्हा माझ्या एका शब्दावर त्यांचा पाय पहिल्या पायरीवर स्थिर राहतो. अशा केसमध्ये नीट सावरलं तर दृष्टी बहुतेक वेळा चांगली येते. म्हणून पडदी कधी फाटलीच नाही यापेक्षा फाटल्यावर काय केलं, हे मी शिकाऊ सर्जनमध्ये जास्त पाहते.

इथे शिक्षकाची जागा येते. हत्यार काढून घ्यायची वेळ कोणती, आणि परत द्यायची कोणती, हे शिकवणाऱ्याचं सर्वांत अवघड काम. लवकर घेतलं तर रेसिडेंट शिकत नाही, उशीर झाला तर पेशंटचं नुकसान. मी सुरुवातीलाच ठरवून सांगते: गोल खिडकी कडेकडे पळू लागली की थांबायचं, जेल भरायचं, उलगडलेली कड मागे मध्याकडे ओढायची लिटल या सर्जनची युक्ती एकदा करायची, नाही जमली तर खुर्ची बदलायची. खुर्ची बदलली म्हणजे नापास झालात असं समजायचं नाही. ती केस पुढे जाऊन पुन्हा तुमच्या हाती येईल. पण पेशंटच्या डोळ्यावर तुमचा हक्क नाही, त्याचा आहे, यात मी तडजोड करत नाही.

आणि पेशंट जागा असतो. थेंबांनी किंवा इंजेक्शनने डोळा बधिर, कान मात्र पूर्ण उघडे. "अरेरे", "गेलं", "असं नको" हे शब्द आमच्या थिएटरमध्ये बंद आहेत. "थांबू या, जेल घेऊ या" एवढंच म्हणायचं आणि शांत आवाजात. ऑपरेशनआधी पेशंटला सांगायचं की शिकणारे डॉक्टर माझ्या देखरेखीखाली भाग घेतील. लपवून शिकवणं मला मान्य नाही. स्पष्ट सांगितलं तर फार थोडे पेशंट नकार देतात, आणि जे देतात त्यांचा तो अधिकार आहे.

ऑपरेशनाआधीची एक गोष्ट मी रेसिडेंटकडूनच करून घेते: डोळ्याची लांबी मोजणं. मोजण्यात एक मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर साधारण अडीच डायॉप्टरने चुकतो. मोजणीचा प्रोब कॉर्नियावर जरा दाबला गेला की डोळा आखूड मोजला जातो, भिंग जास्त शक्तीचं निवडलं जातं आणि पेशंट लांबचं पाहायला उणे नंबर लावून बसतो. कितीही देखणं ऑपरेशन केलं तरी ही चूक भरून निघत नाही. जंतुसंसर्ग टाळण्याच्या साध्या गोष्टीही तशाच. ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन डोळ्यात घालून पूर्ण तीन मिनिटं थांबायचं, घड्याळ लावून. युरोपात झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात सेफ्युरॉक्झिम हे प्रतिजैविक दिल्याने आतल्या संसर्गाचा धोका सुमारे पाचपटीने घटला. हे करणारं रुग्णालय आहे का, तेही पाहा.

आकड्यांचं आता सांगते. अमेरिकेत रेसिडेंटने मुख्य सर्जन म्हणून किमान ८६ मोतीबिंदू शस्त्रक्रिया कराव्यात असा दंडक आहे. तो किमान आहे, आणि त्यानंतरही माणूस बराच काळ शिकत राहतो. आकडा ऐकताना विचारा: यात पूर्ण केलेल्या किती, अर्धवट किती? कडक, तपकिरी मोतीबिंदू किती, लहान बाहुलीचे किती? मोतीबिंदूच्या पलीकडे काय? टाके घालणं, फुटलेला डोळा शिवणं, पापणीची जखम जोडणं, काचबिंदूला लेसर, मधुमेहाच्या पडद्याला लेसर, वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा पडदा तपासणं. नुसती मोतीबिंदूची हजारी गाठून बाहेर पडलेला डॉक्टर पहिल्याच फाटलेल्या पापणीला घाबरतो, आणि तिरळ्या मुलाला काय सांगायचं ते त्याला सुचत नाही. लॉगबुक खरं लिहा. ज्या केसमध्ये गुंतागुंत झाली तिच्यापुढे तसं लिहा आणि तिचा दीड महिन्यानंतरचा नंबरही लिहा. माझ्या रेसिडेंटना मी प्रत्येक केससाठी तो रकाना भरायलाच लावते. रिकामा रकाना दिसला की पेशंटला फोन करून बोलावून घ्यायला लावते.

शेवटी हाताचं. थोडी थरथर प्रत्येकाच्या हाताला असते. मायक्रोस्कोपखाली ती दहापट मोठी दिसते म्हणून घाबरायला होतं. मनगट किंवा करंगळी पेशंटच्या कपाळावर टेकवली, खुर्ची आणि टेबलाची उंची नीट केली, हत्यार पेनासारखं सैल धरलं, आणि छेदालाच आधार मानून त्याभोवती ते फिरवलं, की बरीचशी थरथर विरून जाते. आदल्या रात्रीची झोप आणि सकाळची कॉफी यांचा परिणाम खरोखर होतो. श्वास रोखू नका, नवे सर्जन नकळत रोखतात आणि हात ताठरतो. तुमची थरथर विश्रांतीतही असेल, वाढत असेल, किंवा घरात कुणाला तसा आजार असेल, तर मात्र आधी मज्जाविकारतज्ज्ञांना दाखवा.

थरथरीपेक्षा मी एक वेगळी तपासणी करायला सांगेन: दोन्ही डोळ्यांनी खोली दिसते का. लहानपणी एक डोळा आळशी राहिलेल्या काहींना हे मोठेपणीही माहीत नसतं. स्टिरिओ चष्मा लावून माशीच्या चित्राचे पंख वर उचललेले दिसतात का, ही पाच मिनिटांची चाचणी कुठल्याही नेत्र ओपीडीत होते. खोली दिसत नसेल तर मायक्रोस्कोपखालची शस्त्रक्रिया जड जाईल, पण औषधोपचाराची नेत्रचिकित्सा, मुलांच्या दृष्टीचं काम, नेत्र-मज्जाविकार ही दालनं उघडी राहतात.

तेव्हा अर्ज भरण्याआधी एक दिवस काढा आणि ज्या रुग्णालयाचा विचार आहे तिथल्या ओपीडीत मागे उभे राहा. ज्या पेशंटची काल पट्टी लागली ते सकाळी येतील. त्यांच्यासमोर स्लिट लॅम्पवर कोण बसतं ते पाहा: काल ज्याने ऑपरेशन केलं तो रेसिडेंट, की दुसराच कुणी. मग दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला बाजूला घेऊन विचारा, तुझी शेवटची पडदी कधी फाटली, आणि त्या पेशंटला आता किती दिसतं?